आधी उंदीर पडतात

इंदूरहून महूला निघालं की वाटेत राऊ लागतं. मराठी वाचकाला 'राऊ' म्हटलं की ना. सं. इनामदारांची कादंबरी आठवते आणि पाठोपाठ बाजीराव. हे राऊ निराळं. माळव्याच्या पठारावरचं एक लहान शहर. इंदूर पसरत पसरत आता त्याला येऊन टेकलं आहे. देशभर 'आयआयएम इंदूर' म्हणून ओळखली जाणारी संस्था खरं तर राऊच्या टेकडीवर आहे. पण बाजीरावांचा या वाटेशी अगदीच संबंध नाही असंही नाही. इथून दक्षिणेला घाट उतरून निमाडात गेलं की नर्मदाकाठी रावेरखेडी आहे. 28 एप्रिल 1740 रोजी बाजीरावांनी तिथे देह ठेवला, तो तापाने. त्या काळी ताप हे लक्षण नव्हतं, तेच रोगाचं नाव होतं.

आजच्या आरोग्य सेविकेकडे साथींच्या नोंदीचा जो 'एस' फॉर्म असतो, त्यातही पहिला मान तापालाच आहे. नुसता ताप, पुरळासह ताप, रक्तस्रावासह ताप, भ्रमासह ताप. म्हणजे निदान नंतर होईल; आधी कुठल्या गल्लीत किती जण तापले तेवढं सांगा. एका माणसाचा ताप ही बातमी नसते. एकाच आळीत एकाच आठवड्यात दहा जणांना आलेला ताप ही बातमी असते. साथरोगांचा माग काढण्याचं शास्त्र या दोन वाक्यांमधल्या अंतरात उभं आहे, आणि ते उभं करायला प्लेगने मोठा हातभार लावला.

प्लेग माळव्यात येण्याआधी तिथे आगगाडी आली होती. खांडवा ते इंदूर हा लोहमार्ग व्हावा म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले. संस्थानिकाने साम्राज्याला कर्ज द्यावं, असा हा मजेदार व्यवहार. 1870 च्या दशकात गाडी सुरू झाली. मुंबईहून खांडवा, खांडव्याहून घाट चढून महू, राऊ आणि इंदूर. माळव्याचा कापूस नि अफू खाली जायची, मुंबईचा माल वर यायचा. गोणी, गाठोडी, वळकट्या. यात एक पिसू कितीशी जागा घेणार?

मुंबईत प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. मूळ गोव्याच्या हडफड्याचे हे डॉक्टर मांडवी भागात दवाखाना चालवत. सप्टेंबर 1896 मध्ये जांघेत नाहीतर काखेत गाठ, सडकून ताप आणि दोन-चार दिवसांत मृत्यू असे रोगी त्यांच्यापुढे येऊ लागले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याची नि साखरेची कोठारं. कोठारं म्हणजे उंदीर. आज हे वाक्य इतकं उघड वाटतं, पण तेव्हा नजर उंदरांकडे नव्हती, माणसांकडे होती. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी, घरांच्या झडत्या, सामान जाळणं, रोग्याला उचलून छावणीत नेणं असं सगळं सुरू झालं. पुण्यात हे प्लेग अधिकारी रँडच्या देखरेखीखाली झालं आणि त्याचं पर्यवसान 22 जून 1897 च्या गणेशखिंडीतल्या गोळ्यांत झालं, हा इतिहास मराठी माणसाला सांगायला नको. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या.

या धामधुमीचा एक परिणाम इतिहासाच्या पुस्तकांत फारसा येत नाही. लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, न्हाणीघरात, धान्याच्या कणगीमागे. मृत्यू झाला तर दुसऱ्याच रोगाचं नाव सांगत. साथीचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी हानी आहे, कारण त्याचं सगळं भांडवल मोजणीचं. शिपाई दार ठोठावणार या भीतीने जिथे आकडे दडवले जातात, तिथे कितीही हुशार गणित लावलं तरी उत्तर दडवलेलंच येतं.

खेड्यातल्या लोकांनी मात्र स्वतःचा अंदाज बांधला होता. 'उंदीर पडले' एवढं कानावर आलं, की लोक चूल-भांडी घेऊन गावाबाहेर माळावर झोपड्या घालायचे. प्लेगच्या आठवणी सांगणाऱ्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हा 'माळ' हटकून यायचा. हिमालयात गढवाल-कुमाऊँच्या लोकांचीही एकोणिसाव्या शतकात हीच रीत होती. पिसू, जंतू, लस यातलं काही ठाऊक नसताना लोकांनी एक खूण पक्की केली होती: आधी उंदीर पडतात, मग माणसं.

हेच सिद्ध करायला शास्त्राला दहा वर्षं लागली. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 मध्ये कराचीत एक साधा प्रयोग केला. पिसवा असलेला आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांना जाळीने वेगळं ठेवलं. स्पर्श नाही, पण पिसवांना उडी मारायला वाट आहे. निरोगी उंदीर प्लेगने मेला. पुष्कळांनी हे हसण्यावारी नेलं. मुंबईत ग्लेन लिस्टन याने तीच वाट पुढे नेली. एका चाळीत उंदीर मेले आणि काही दिवसांनी भाडेकरू पिसवांनी इतके हैराण झाले की खोल्या सोडून व्हरांड्यात निजू लागले. लिस्टनने त्यातल्या पिसवा पकडून पाहिल्या; बऱ्याचशा उंदरांच्या अंगावरच्या जातीच्या निघाल्या. यजमान मेला, भुकेल्या पिसवा नवं अंग शोधत होत्या. मग लिस्टनने प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले. बिचारे जिवंत सापळेच ते! पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होत आणि कोणत्या घरात अजून धोका आहे ते कळे.

1905 मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, शहरभरातून उंदीर येऊ लागले. प्रत्येक उंदीर कुठे सापडला याची चिठ्ठी, मग चिरफाड, मग नकाशावर खूण. हजारो उंदीर पाहिल्यावर एक क्रम हाती लागला. आधी गटारातला मोठा तपकिरी उंदीर मरतो. साधारण दहा दिवसांनी घरात वावरणारा काळा उंदीर मरू लागतो. आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं. म्हणजे गटारात पहिला उंदीर पडला की आळीतला पहिला माणूस आजारी पडायला सुमारे तीन आठवडे हाती असतात. माझ्या मते साथीचं भाकीत म्हणून आपल्याकडे जे जे झालं, त्यात याच्या तोडीचं थोडंच आहे. त्यात एकही समीकरण नाही.

समीकरण नंतर आलं, आणि तेही याच मुंबईवर स्वार होऊन.

17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळात मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसं मेली, याची यादी आयोगाच्या अहवालांत होती. एकवीस वर्षांनी, 1927 मध्ये, एडिंबराच्या दोन संशोधकांनी ती उचलली. एक विल्यम कर्मॅक, रसायनशास्त्रज्ञ. 1924 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली तेव्हा तो 26 वर्षांचा होता; पुढचं सारं गणित त्याने डोक्यात केलं. दुसरा अँडरसन मॅकेंड्रिक, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर संस्थेचा संचालक राहिलेला. तरुणपणी तो रोनाल्ड रॉसबरोबर सिएरा लिओनला मलेरियाच्या मोहिमेवर गेला होता. मलेरियाचा परजीवी 1897 मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात शोधणारा रॉस स्वतः गणिताचा मोठा षौकीन. साथींत गणिताचे नियम शोधायची खोड मॅकेंड्रिकला त्याच्याकडूनच लागली म्हणायची.

त्यांच्या गणिताचा गाभा समजायला वाड्यातली बातमी पुरते. समजा, इंदुरातल्या एखाद्या जुन्या मराठी वाड्यात एकीला दुपारी कळलं की जोश्यांच्या सुनेला नोकरी लागली. ती दोघींना सांगते. त्या दोघी प्रत्येकी आणखी दोघींना. एक, दोन, चार, आठ, सोळा. दहाव्या फेरीला आकडा हजार ओलांडतो. पण वाड्यात हजार माणसं नसतात. लवकरच असं होतं की सांगायला जावं तर समोरची म्हणते, "अहो, कळलंय आम्हाला!" ज्यांना कळलेलं नाही अशांची संख्या निम्म्यावर आली, की दोघींपैकी सरासरी एकच नवी भेटते. बातमी त्या क्षणापासून वाढायची थांबते. अजून निम्म्या वाड्याला ती कळलेली नसली तरी! शिवाय सांगून सांगून कंटाळलेल्याही असतातच.

कर्मॅक-मॅकेंड्रिकने माणसांचे असेच तीन गट केले. ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून खेळाबाहेर गेले ते. एका गटातून दुसऱ्यात माणसं कोणत्या वेगाने सरकतात याची समीकरणं मांडली. त्यातून जे निघालं ते तेव्हा धक्कादायक होतं. साथ संपायला सगळे आजारी पडावे लागत नाहीत, आणि जंतूचा जोर ओसरावा लागतो असंही नाही. रोग होऊ शकेल अशांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की साथ आपोआप उतरणीला लागते. लसीकरणाचं आजचं सगळं गणित या उंबरठ्यावर बसलेलं आहे. एक रोगी सरासरी दोघांना रोग देत असेल तर निम्म्यांना संरक्षण असलं की पुरे. गोवरासारखा रोग असेल, जिथे एकापासून बारा ते अठरा जणांना लागण होते, तिथे शंभरातल्या 95 मुलांना लस मिळावी लागते. गोवराच्या लसीबाबत आरोग्य खातं इतकं हटून का बसतं, त्याचं हे उत्तर.

आपलं गणित खऱ्या साथीला लागू पडतं का, हे दाखवायला त्यांनी मुंबईचे ते आकडे ठिपक्यांनी मांडले आणि वरून समीकरणाची रेघ ओढली. डिसेंबरपासून हळूहळू चढणारी, सतराव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, आठवड्याला सुमारे 890 मृत्यूंचं शिखर गाठणारी आणि पावसाळ्यापर्यंत तशाच गोलाईने उतरणारी रेघ. ठिपके तिच्या अंगाला चिकटून बसले होते. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ही आकृती गेली. मांडवी, कामाठीपुरा, परळ इथल्या मृतांची संख्या अशी साथरोगांच्या गणिताची पहिली साक्षीदार झाली. ज्यांच्यावरून रेघ गेली त्यांच्या घरच्यांना याची गंधवार्ताही नव्हती.

पण त्या रेघेत उंदीर कुठे होता?

कुठेच नव्हता. त्या दोघांनी हे लपवलं नाही. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं आणि आपलं गणित फक्त ढोबळ मानाने लागू आहे हेही कबूल केलं. वाचणाऱ्यांनी ती कबुली विसरून आकृती तेवढी लक्षात ठेवली. 2012 मध्ये निकोला बाकेर या फ्रेंच गणितज्ञाने ही आकृती पुन्हा उलगडली आणि अडचण दाखवून दिली. मुंबईत प्लेग त्या एकाच वर्षी आला नव्हता. तो वर्षानुवर्षं येत होता, दरवेळी हिवाळ्याअखेर चढत होता आणि कडक उन्हाळ्यात उतरत होता. समीकरणाप्रमाणे साथ उतरते ती माणसं संपत आल्यामुळे. मुंबईत ती उतरत होती ऋतू बदलल्यामुळे. उष्ण आणि कोरड्या हवेत पिसवा फार जगत नाहीत. शिवाय प्लेगचे जंतू पिसूच्या घशात गुठळी करून बसतात म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते, आणि फार उष्म्यात ती गुठळीच टिकत नाही. म्हणजे रेघ बरोबर बसली होती, पण कारण चुकीचं होतं. शाळेत गणिताचं उत्तर बरोबर आणि रीत चूक असली की मास्तर अर्धे गुण कापायचे. साथरोगांच्या गणितात ते कापणारं कुणी लवकर भेटत नाही.

आता पुन्हा इंदूर. 1917 मध्ये होळकर दरबाराने शहराच्या नियोजनासाठी पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. हाही एडिंबराशी बांधलेला माणूस. मूळचा जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार, आणि थोडासा वल्लीच. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला तो हाच. गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे विद्यार्थी. त्याने इंदुरासाठी लिहिलेला दोन खंडी अहवाल 1918 मध्ये छापला गेला. नदीकाठ, बागा, विहिरी, गल्ल्या, मजुरांची घरं यांचा इतका बारीक विचार त्यात आहे की आजच्या 'स्मार्ट सिटी'च्या कागदांशेजारी ठेवला तर कागदच लाजतील.

गेडिस इंदुरात फिरू लागला तेव्हा शहर प्लेगने ग्रासलेलं होतं, आणि नकाशे घेऊन गल्लीबोळांत हिंडणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाकडे लोक संशयाने बघत. साहेब आला म्हणजे घर पाडणार! 1897 ची पुण्याची आठवण सगळ्या मुलखात जिवंत होती. गेडिसने महाराजांकडे एक विचित्र मागणी केली: एका दिवसापुरतं मला महाराज करा. तिसऱ्या तुकोजीरावांनी ती मान्य केली. मग गेडिसने दवंडी पिटवली. यंदा दिवाळीची मिरवणूक निघेल, पण ठरल्या रस्त्यांनी जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत स्वच्छ, रंगवलेली नि दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्याने जाईल. कचरा उचलून नेण्याचं काम फुकट.

शहर कामाला लागलं. सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा घराघरांतून आणि परसांतून बाहेर निघाला. उंदीर सापळ्यांत धरले गेले. आपल्या गल्लीतून मिरवणूक जावी म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याला टोचून टोचून भिंत सारवायला लावली असणार. माळव्याची माणसं पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. मिरवणुकीत हत्ती-घोडे आणि लवाजमा होताच, पण पुढे अस्वच्छतेचा भलाथोरला राक्षस आणि प्लेगचा अजस्र उंदीरही होता. त्यांच्यामागून पांढरेशुभ्र कपडे घातलेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार आपल्या नव्या झाडूंसह चालत होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जायचा, त्यांना शहराच्या मुख्य मिरवणुकीत मानाची जागा मिळाली होती. मग नगरदेवता आली, तिच्या निशाणावर शहराचा नकाशा. शेवटी राक्षसाचं आणि उंदराचं दहन झालं आणि घरोघर लावायला तुळशीची रोपं वाटली गेली.

ही हकिकत अमेलिया डेफ्रीझ यांच्या गेडिसवरच्या पुस्तकात छापून आली. साल 1927. म्हणजे ज्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईच्या प्लेगची रेघ छापली गेली त्याच वर्षी. एकात फक्त रेघ आहे, उंदीर नाही; दुसऱ्यात मिरवणुकीच्या गाड्यावर अख्खा उंदीर आहे, पण रेघ नाही.

इंदुरातला प्लेग त्या मिरवणुकीने थांबला का? साथरोगांच्या अभ्यासकाला विचाराल तर तो आधी विचारेल: मिरवणूक न काढलेलं दुसरं इंदूर कुठे आहे? तुलनेला काही नसेल तर श्रेय कुणाला देणार? शिवाय प्लेगचा आपला एक हंगाम असतो, तो संपला की तोही उतरतो. मांत्रिकापासून मंत्र्यापर्यंत सगळेच साथीच्या उतरणीला श्रेय घ्यायला पुढे येतात, तेव्हा हा प्रश्न खिशात असलेला बरा. पण गेडिसच्या बाबतीत मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. त्याने दार ठोठावलं नाही. दार आतून उघडलं जाईल अशी सोय केली. उंदीर कुठे पडले हे अशा शहरात कळतं. झडतीच्या शहरात कळत नाही.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. प्लेग इतका मागे पडला की तो संपला असंच सगळ्यांना वाटू लागलं. मग 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याचे हादरे शेजारच्या बीड जिल्ह्यातही बसले. लोक घरं सोडून बाहेर राहू लागले, घरांत धान्य तसंच पडून राहिलं आणि उंदरांचं फावलं. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात लोकांनी पिसवांच्या त्रासाची तक्रार केली. गावात उंदीर पडले. पाठोपाठ माणसांना ताप आणि जांघेत गाठी. परळच्या आयोगाने लिहून ठेवलेला क्रम जणू कुणी नाटकासारखा वठवून दाखवला.

सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. मृत्यू पन्नासच्या आसपास, पण घबराट जगभर. विमानं रद्द झाली, माल अडकला. त्या दणक्यानंतर देशभर रोगांवर नजर ठेवण्याचा कार्यक्रम 1997 मध्ये सुरू झाला, 2004 मध्ये त्याचा विस्तार होऊन 'एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम' आला आणि 2021 पासून त्याची नोंदणी नव्या संगणकीय मंचावर गेली. वर उल्लेख केलेला 'एस' फॉर्म त्यातलाच. आरोग्य सेविका लक्षणं लिहिते, डॉक्टर संशयित निदान 'पी' फॉर्मवर लिहितो, प्रयोगशाळा पक्कं निदान 'एल' फॉर्मवर. बंगळूरला आजही प्लेगवर नजर ठेवणारं केंद्र उंदीर-घुशी तपासतं. सुरतेने नंतर अशी कात टाकली की 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिने देशात पहिला क्रमांक इंदुरासोबत वाटून घेतला. इंदुराचा तो सलग सातवा. गेडिस असता तर त्याने बहुधा विचारलं असतं, मिरवणूक कोणत्या रस्त्याने काढणार?

मार्च 2020 च्या अखेरीस करोनाने इंदुराला गाठलं आणि एप्रिलमध्ये ते देशातल्या सर्वाधिक ग्रासलेल्या शहरांपैकी एक झालं. 1 एप्रिलला टाटपट्टी बाखल या दाट वस्तीत बाधितांच्या संपर्कातल्या लोकांची यादी करायला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. चित्रफीत देशभर फिरली, संताप झाला, अटका झाल्या. त्या दगडांचं समर्थन नाही. पण उचलून नेतील, कुठे ठेवतील कळणार नाही, ही त्यामागची भीती 1897 च्या पुण्यात वावरलेलीच आहे. त्या पथकातल्या डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. यादी पूर्ण व्हायची राहिली होती.

दरम्यान समीकरणांना पुन्हा बहर आला. 1927 च्या तीन गटांची नवी रूपं घेऊन देशभरचे गणिती आकडे टाकू लागले. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाने नेमलेल्या समितीत एम. विद्यासागर, कानपूर आयआयटीचे मणींद्र अग्रवाल आणि लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर होत्या. त्यांच्या प्रतिमानाला 'सूत्र' असं नाव मिळालं. ऑक्टोबर 2020 मध्ये समितीने सांगितलं की काळजी घेतली तर फेब्रुवारी 2021 अखेर साथ जवळपास सरेल. फेब्रुवारीत प्रत्यक्षात काय झालं? अमरावती जिल्ह्यात रुग्ण भराभर वाढले आणि 22 तारखेपासून तिथे टाळेबंदी लागली. पुढे 'डेल्टा' म्हणून जगाला पिडणाऱ्या विषाणूचं कूळ महाराष्ट्रातल्याच ऑक्टोबर 2020 च्या नमुन्यांत सापडलेलं होतं. एप्रिल-मे मध्ये जे झालं ते सगळ्यांनी भोगलं.

गणित्यांना झोडपणं सोपं आहे, आणि झोडपलंही गेलं. पण समीकरण आपल्याला दिलेल्या वस्तूंचंच भाकीत करू शकतं. विषाणू बदलेल, हे त्याच्या पोटात कुणी घातलं नव्हतं. मुंबईच्या रेघेत जसा उंदीर नव्हता तसा 'सूत्रा'त डेल्टा नव्हता. अमरावतीचा आकडा हा त्या वर्षीचा गटारातला पहिला उंदीर होता. तो जिल्ह्याच्या पत्रकात होता, वर्तमानपत्रात होता. कुठल्या रेघेवर ठिपका म्हणून तो बसत नव्हता इतकंच.

गटार म्हटलं की परळ आठवतं. हाफकिन संस्थेच्या आवारात, जिथे कधीकाळी चिठ्ठी लावलेले उंदीर यायचे, तिथल्या आंत्रविषाणू केंद्राने 2001 पासून मुंबईचं सांडपाणी तपासायला घेतलं. शोध पोलिओचा. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांत एखाद्यालाच लुळेपण येतं. बाकीची खेळत-बागडत विषाणू सांडपाण्यात सोडत राहतात. रुग्णालयात त्यांची नोंद होणं शक्यच नाही. गटारात मात्र होते, आणि तिथे कुणाला नाव-गाव विचारावं लागत नाही, कुणाच्या घरात शिरावं लागत नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये मुंबईच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ विषाणू शेवटचा दिसला. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला. करोनानंतर पुण्यासह काही शहरांत हीच रीत इतर विषाणूंसाठी वापरू लागले आहेत.

सांडपाणी खोटं बोलत नाही, पण पत्ताही सांगत नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला हजारो घरं असतात. बाटलीत विषाणू सापडला, की त्यातल्या नेमक्या कुठल्या घरात मूल लशीवाचून राहिलं आहे हे शोधायला शेवटी एक आशाताई वही घेऊन निघते आणि पहिल्या घराची कडी वाजवते.